अक्षर चिकटते ते गाडीला नव्हे, रंगाला

जुन्या गाडीवरचे एखादे नामाक्षर निखळून पडले, तर नवा डिंक आणायला धावण्यापूर्वी त्या अक्षराची पाठ नीट पाहावी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मामांकडे १९६०च्या दशकातली एक फियाट ११०० आहे. तिच्या डिकीवर त्यांनी हौसेने बसवून घेतलेल्या धातूच्या सुट्या अक्षरांपैकी दोन अक्षरे गेल्या उन्हाळ्यात आठवड्याच्या अंतराने गळाली. पहिल्याच्या पाठीवर दुहेरी चिकटपट्टी जशीच्या तशी होती आणि डिकीवर तिचा मागमूसही नव्हता. दुसऱ्याच्या पाठीवरच्या पट्टीला मात्र रंगाचा पातळ पापुद्रा चिकटून आला होता आणि त्या जागी खालचे राखाडी प्रायमर उघडे पडले होते. पट्टी एकाच रिळातली, बसवणारा हात एकच आणि ऊनही तेच असताना दोन्ही अक्षरे अगदी वेगवेगळ्या कारणांनी पडली होती.

पट्टी कमजोर होती, असा मामांचा पहिला तर्क होता. हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. अशा कामाला वापरतात ती अॅक्रिलिक फोमची पट्टी १९८०च्या सुमारास बाजारात आली, आणि तिच्याबाबत दर किलो वजनामागे सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर पट्टी असावी, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. वीस ग्रॅमच्या अक्षराला त्यानुसार जेमतेम एक चौरस सेंटिमीटर पट्टी पुरते, आणि मामांच्या अक्षरांमागे त्याच्या जवळजवळ तिप्पट पट्टी होती. म्हणजे दोष पट्टीच्या ताकदीत नव्हता, ती ज्या पृष्ठभागावर बसली त्यात होता. अक्षर, त्यावरचा क्रोमचा मुलामा, पट्टी, रंग, प्रायमर आणि पत्रा असे थर एकावर एक असतात, आणि हा जोड त्यांपैकी सर्वांत दुबळ्या सांध्यापाशी सुटतो.

पहिल्या अक्षराच्या बाबतीत तो सांधा पट्टी आणि रंग यांच्यामध्ये होता. चिकटणे ही क्रिया रेणूरेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणावर चालते आणि हे आकर्षण नॅनोमीटरच्या अंतरातच परिणामकारक असते. म्हणून चिकट पदार्थाला आधी द्रवासारखे पसरून पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत शिरावे लागते आणि नंतर घनासारखे घट्ट राहून ओढ सोसावी लागते. अॅक्रिलिक बहुवारिकांत, म्हणजे पॉलिमरांत, हे दोन्ही गुण एकत्र नांदतात. घाई केली तर ती कठीण वाटतात, वेळ दिला तर हळूहळू वाहतात. पदार्थाचा ताठरपणा सुमारे तीन लाख पास्कलपेक्षा कमी असेल तरच तो नुसत्या दाबाने चिकटतो, असा एक निकष आहे. तो डाल्क्विस्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो.

पदार्थ कितीही मऊ असला, तरी पृष्ठभागाने त्याला पसरू दिले पाहिजे, आणि पॉलिश नेमके तेच रोखते. गाडीच्या मालकाला ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो तीच येथे वैरी ठरते. मेण किंवा सिलिकोन असलेले पॉलिश रंगाची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची ओढ, कमी करते. म्हणूनच पॉलिश केलेल्या बॉनेटवर पाण्याचे मोत्यासारखे गोल थेंब उभे राहतात आणि आपण ते कौतुकाने पाहतो. ज्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, त्यावर डिंकही सहसा नीट पसरत नाही. त्यामुळे अक्षर बसवायच्या जागेवर आधी चमचाभर पाणी टाकून पाहावे. पाण्याचा सलग पातळ पडदा झाला तर जागा स्वच्छ आहे. थेंब बांधले गेले तर पॉलिश अजून उरले आहे. ते काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे समसमान मिश्रण वापरतात, आणि ओले फडके वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने जागा पुसून घेतात, नाहीतर विरघळलेले मेण पुन्हा तेथेच बसते. जुन्या गाड्यांवरच्या ड्युको या नायट्रोसेल्युलोजच्या रंगावर हा प्रयोग आधी कोठेतरी आडोशाला करून पाहावा. थिनर किंवा अॅसिटोन तर त्याच्या जवळही नेऊ नये.

दुसऱ्या अक्षराने पापुद्रा का ओढून आणला, याचे उत्तर ड्युकोच्या स्वभावात आहे. हा रंग केवळ थिनर उडून गेल्याने वाळतो. आजच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात रेणूंची जी रासायनिक जाळी विणली जाते, ती येथे होत नाही. वरची साय हाताला कोरडी लागली, तरी खालच्या थरांतला थिनर कित्येक दिवस, कधी आठवडे, बाहेर पडत राहतो. त्या काळात अक्षर चिकटवले तर त्याच्याखाली बाष्प कोंडते आणि रंग मऊच राहतो. शिवाय प्रायमर नीट घासून घेतले नसेल, तर रंगाची त्यावरची पकड मुळातच कच्ची असते. मामांची डिकी रंगवून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते आणि त्यांना एका लग्नाच्या वरातीसाठी गाडी सजवायची होती. पट्टीने आपले काम चोख केले होते. हार रंगाने खाल्ली.

या पट्ट्यांचे कूळही रंगशाळेतलेच आहे, ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन रंगांच्या गाड्या रंगवताना सीमारेषेवर लावलेला कागद काढला की ताजा रंगही सोबत निघे आणि कारागीर वैतागत. रिचर्ड ड्रू याने ते पाहून १९२५मध्ये मास्किंग टेप तयार केली. रंगाला चिकटावे, पण रंग उपटू नये, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

अक्षरे बसवण्याची त्याआधीची आणि नंतरही बराच काळ चाललेली पद्धत खिळ्यांची. १९५०च्या दशकातल्या अनेक अमेरिकी गाड्यांच्या बॉनेटवर सुटी अक्षरे ओळीने बसवलेली दिसतात. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असून त्यांच्या पाठीला ओततानाच बारीक खिळे ठेवलेले असत. पत्र्याच्या भोकांतून खिळे आत घालायचे आणि मागून स्प्रिंगच्या चकत्या दाबायच्या. कारखान्यात भोके रंगाच्या आधी पाडली जात, त्यामुळे त्यांच्या कडांवरही रंग चढे. घरी तयार रंगावर ड्रिल चालवले की उघड्या पोलादाची गोल कड हवेला मिळते. अक्षराच्या मागच्या अरुंद फटीत पावसाचे पाणी केशाकर्षणाने शिरते आणि लवकर वाळत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर व आत कमी, या तफावतीमुळे आतले लोखंड अधिक वेगाने गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो भोवतालचा रंग खालून उचलतो आणि फोड येतात. बडोद्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात एवढे व्हायला दोन वर्षेसुद्धा लागत नाहीत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मूळची भोके असतील तर खिळ्यांचीच अक्षरे बसवावीत, फक्त कडांना प्रायमर लावून मागे रबरी चकती घालावी, भोके नसतील तर एकही नवे पाडू नये.

झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेटचा मोह मात्र टाळावा. जानेवारीच्या पहाटे पत्रा दहा अंशांवर असतो, तर मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाचा पत्रा सत्तरीला जातो. या साठ अंशांच्या फरकात बारा सेंटिमीटर लांबीची जस्ताची अखंड नामपट्टी खालच्या पोलादापेक्षा सुमारे एक दशांश मिलिमीटर अधिक वाढते. एबीएस प्लास्टिकची असेल तर जवळपास अर्धा मिलिमीटर. फोमची मिलिमीटरभर जाडीची पट्टी एवढा फरक नुसती तिरकी होऊन सोसते. कागदापेक्षाही पातळ आणि काचेसारखा ठिसूळ असा डिंकाचा थर तडकतो, आणि त्याच्या वाफांनी भोवतालच्या रंगावर पांढुरकी झाक येते ती वेगळीच.

या खेपेस रंग पुरता वाळेपर्यंत मामांनी दीड महिना थांबायचे कबूल केले. मग एका सकाळी, पत्रा तापण्यापूर्वी, मास्किंग टेपची सरळ पट्टी आडवी लावून अक्षरांची तळरेषा आखून घेतली, जागा पुसली, पाण्याची परीक्षा घेतली आणि प्रत्येक अक्षर अंगठ्याने दाबले. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो हवा, म्हणजे तीन चौरस सेंटिमीटरच्या अक्षरावर तीन किलोंचा. अंगठ्याला ते जाणवते. वीस मिनिटांत पट्टीची साधारण निम्मी पकड बसते, दिवसभरात नव्वद टक्के आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, कारण डिंक अजून खाचाखोचांत वाहत असतो. तोवर गाडी धुवायची नाही, हे मामांना दोनदा सांगावे लागले.

एक अक्षर किंचित तिरके बसलेच. ते काढण्यासाठी मामांनी उत्तरायणातल्या पतंगांची उरलेली मांजाची फिरकी आणली. पण मांजाला काचेची पूड लावलेली असते आणि तो रंगावरून फिरवणे म्हणजे सँडपेपर फिरवण्यासारखेच. तो बाजूला ठेवून केस वाळवायच्या यंत्राने अक्षर कोमट केले आणि मासे धरायचा गुळगुळीत नायलॉनचा दोरा त्याच्या मागून करवतीसारखा ओढला. फोम मधोमध कापला गेला. उरलेला लगदा बोटाने चोळून निघाला आणि खालचा रंग या वेळी जागेवर होता.