सहा महिन्यांसाठी जुनी गाडी घेताय? तरी ती नावावर करावीच लागते: फॉर्म, कागदपत्रं आणि मुदती

नवी गाडी बुक केली आहे पण ताबा मिळायला वेळ आहे, किंवा वर्षभराच्या बदलीवर आलोय आणि मुलांना सोडा-आणायला काहीतरी चारचाकी हवी आहे. अशा वेळी माणूस स्वस्तातली, चालू स्थितीतली, फार लाड न मागणारी जुनी गाडी शोधतो. ओळखीचा मेकॅनिक घेऊन जातो, इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघतो, क्लच, टायर, एसी सगळं तपासतो. आणि कागदांपाशी आल्यावर म्हणतो, "सहा महिन्यांसाठीच तर घेतोय, नावावर कशाला करायची? पुढचं गिऱ्हाईक आलं की थेट त्याच्या नावावर करू." मूळ मालकालाही आरटीओचा फेरा नकोच असतो. तो टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या करून देतो, तारीख कोरी ठेवतो, चावी देतो. दोघेही खूश.

कायद्यात मात्र "थोड्या दिवसांसाठी" अशी सवलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. गाडी तुम्ही पाच महिने वापरा की पंधरा वर्षं, मुदत तीच. उशीर झाला की विलंबाचा भुर्दंड सुरू होतो.

ही मुदत नुसती कागदी नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका गाडीचं प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती, आरसीवर म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावर आली. विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पण घेणाराही सुटत नाही. गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कोणी करायचा? पॉलिसी ज्याच्या नावाने आहे त्याची गाडी उरलेली नाही आणि ज्याची गाडी आहे त्याच्या नावाने पॉलिसी नाही. चोरीला गेली तर पोलिसांपुढे मालकी सिद्ध करण्यापासून सुरुवात. आणि मूळ मालक मधल्या काळात वारला तर सही केलेले ते फॉर्म कुचकामी होतात. मग वारसांना फॉर्म ३१ भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करावी लागते, आणि वारस तुमच्या सोयीने धावपळ करतीलच असं नाही.

तेव्हा हिशेब सरळ मांडा. गरज दोन महिन्यांची असेल तर गाडी घेऊच नका, महिन्याच्या भाड्याने घ्या. नाव चढून आरसी हातात येईपर्यंतच तुमची निम्मी गरज संपलेली असेल. चार-सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत लागणार असेल तर विकत घेणं परवडतं. पण मग ही प्रक्रिया तुम्हाला दोनदा करायची आहे, आधी घेणारा म्हणून आणि नंतर विकणारा म्हणून. म्हणूनच तात्पुरत्या गाडीत इंजिनाइतकाच कागद विश्वासू हवा.

कोण घेऊ शकतं

गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही. हे अनेकांना खरं वाटत नाही, पण मालकी आणि चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईच्या नावावर गाडी घेऊन मुलाने चालवली तर काही बिघडत नाही. नाव अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचं असेल तर कायद्याच्या दृष्टीने त्याचा पालक मालक ठरतो. लायसन्सचा प्रश्न विम्यात येतो. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घ्यायला मालकाकडे स्वतःचं वैध लायसन्स असावं लागतं.

पत्त्याचा पुरावा मात्र जिथे गाडी नोंदवायची तिथला हवा. नवीन आरसी टपालाने त्याच पत्त्यावर येते. बदलीवर आलेल्यांनी आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा आणि मगच अर्ज भरावा. नाहीतर आरसी गावच्या घरी जाऊन पडते.

कोणती गाडी घ्यावी, कागदांच्या नजरेतून

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की पहिली नोंदणी कधीची, इंधन कोणतं, नोंदणीची वैधता आणि विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, मालक कितवा, हे सगळं दिसतं. बघायला जाण्याआधीच हे बघा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. स्वस्तातल्या गाड्या बहुतेक याच उंबरठ्यावरच्या असतात आणि फसगत इथेच होते. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपायच्या ६० दिवसांच्या आतच भरता येतो, त्याआधी नाही. म्हणजे पाच महिने वैधता उरलेली गाडी घेतली, तर तुमच्याच ताब्यात असताना ते काम अंगावर येणार, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. १५ वर्षं पुरी केलेल्या, पण २० वर्षांच्या आतल्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे. माझं मत विचाराल तर किमान दोन वर्षं वैधता शिल्लक असलेली गाडी बघा. ती तुम्हालाही पुरते आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवता येते.

परराज्यातल्या पासिंगची गाडी स्वस्त पडते, विशेषतः दिल्लीची, कारण तिथे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या गाड्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. तात्पुरत्या वापरासाठी या वाटेला जाऊ नका. मूळ राज्यातून फॉर्म २८ वर एनओसी, पोलिसांकडून चोरीची नोंद नसल्याचा अहवाल, इथे पुन्हा रस्ता कर, नवा नंबर. एवढं होईपर्यंत तुमची नवी गाडी दारात उभी असेल. पिवळ्या पाटीची म्हणजे टॅक्सी पासिंगची गाडीही तशीच. तिला खासगी करून घेणं हे स्वतंत्र प्रकरण आहे.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का, हे डोळ्यांनी बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी, तिची पाटी सिलिंडरवरच असते.

आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात ती नसेल तर मालकी हस्तांतराचं काम आरटीओ अडवतं. प्लेट विकणाऱ्यानेच बसवून द्यावी, हे सौदा ठरण्याआधी बोला. पैसे दिल्यावर कोणी बसवून देत नाही.

थकलेली ई-चलनं बघा. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेवर तपासता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे लोक करतात.

कागदपत्रं

मूळ गाभा दोन फॉर्मांचा. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना, ती विकणाऱ्याने द्यायची, दोन प्रतींत. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलून मागणारा अर्ज, त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. बाजारात या संचालाच टीटी फॉर्म म्हणतात. सह्या आरसीवरच्या आणि पॅनवरच्या सहीशी जुळणाऱ्या हव्यात. जुन्या मालकाची सही पंधरा वर्षांत बदललेली असते आणि अर्ज त्यावरूनच परत येतो. म्हणून सह्या समोर बसून घ्या, तारखेसकट.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, दोघांचे पॅन आणि फोटो. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसाही लागतो. तो काढायला गाडी समोर हवी, त्यामुळे गाडी घेऊन येण्याआधी तिथेच काढून घ्या. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिनेच.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं तोंडी सांगणं चालत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५, दोन प्रतींत, हवा. पुष्कळ लोक कर्ज फेडतात आणि बोजा उतरवायचं विसरून जातात. तो उतरवून मगच सौदा करा.

पैसे बँकेतूनच द्या. २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि त्याखालच्या व्यवहारातही बँकेची नोंद हाच तुमचा पुरावा असतो. एक साधं ताबापत्र लिहून घ्या, त्यात तारखेबरोबर वेळही टाका. सकाळी अकराला गाडी दिली आणि चलन सकाळी नऊचं असेल, तर तो वाद या एका ओळीने मिटतो. माझ्या मावसभावाने गाडी विकताना ही वेळ लिहिली नव्हती, नावही लगेच बदलून घेतलं नव्हतं. पुढे दीड वर्ष दुसऱ्याच्या सिग्नल तोडण्याचे मेसेज त्याच्या मोबाइलवर येत राहिले.

अर्ज कसा भरायचा

परिवहनच्या संकेतस्थळावर वाहनविषयक सेवांत गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकायचे. ओटीपी जातो तो नोंदलेल्या मोबाइलवर, म्हणजे जुन्या मालकाच्या. तो नंबर बंद झालेला असेल तर आधी बदलून घ्यावा लागतो. म्हणून अर्ज भरायला विकणारा शेजारी बसलेला बरा, निदान फोनवर तरी. मालकी हस्तांतर निवडून घेणाऱ्याची माहिती भरायची, कागद चढवायचे, शुल्क भरायचं. हलक्या खासगी मोटारीला मूळ शुल्क नोंदणीच्या निम्मं, म्हणजे ३०० रुपये. कार्ड आणि टपालाचा खर्च त्यावर वेगळा. एजंट मागतो त्या रकमेतला सरकारी भाग केवढा असतो, हे यावरून कळेल. अर्जाची छापील प्रत आणि फॉर्मांचा संच आरटीओत द्यायचा असेल तर त्याची पोच घ्या आणि जपून ठेवा.

विमा

हा भाग लोक सगळ्यात शेवटी आठवतात. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज द्यायचा असतो. तिसऱ्या पक्षाचं, म्हणजे अपघातात इतरांच्या झालेल्या नुकसानीचं संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. तो भाग कंपनीने मान्य केला तरच. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सवलतही त्याच्याचकडे राहते. त्याला ५० टक्के सवलत मिळालेली असेल, तर उरलेल्या महिन्यांचा फरक तुम्हाला भरावा लागतो. बोनस म्हणजे माणसाची कमाई, गाडीची नव्हे. गाडी फारच स्वस्तातली असेल तर नुसता तिसऱ्या पक्षाचा विमा ठेवणंही शहाणपणाचं ठरतं, मात्र तो एक दिवसही खंडित होता कामा नये. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

डीलरकडून घेताना

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी वर गेली की डीलर हाच मालक मानला जातो. त्याला एवढंच विचारा, "२९-सी भरलाय का?" उत्तरात कोऱ्या सह्यांचे टीटी फॉर्म पुढे आले, तर समजा की गाडी कागदावर अजून तिसऱ्याच माणसाची आहे. किंमत डीलरकडे थोडी जास्त पडते, त्यात त्याच्या नफ्यावरचा १८ टक्के जीएसटीही असतो. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो नसतो.

तुमची विकायची पाळी आली की

आता भूमिका उलटी. फॉर्म २९ ची सूचना १४ दिवसांत तुम्ही द्यायची. पुढचा माणूस देईल म्हणून थांबू नका. तोही कदाचित म्हणेल, "सहा महिन्यांसाठीच तर घेतोय." फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. विमा कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या, नव्या गाडीच्या पॉलिसीला ते लावता येतं. आणि महिन्याभराने एम-परिवहनवर नंबर टाकून मालक क्रमांक एकाने वाढला का ते बघा. वाढला नसेल तर पोच घेऊन त्याच खिडकीवर जा.