बटण, स्प्रिंग आणि मनगट: अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक चाकूबंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेत ऑटोमॅटिक चाकूचा, म्हणजे बटण दाबलं की स्प्रिंगने उघडणाऱ्या स्विचब्लेडचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "यावर फेडरल बंदी आहे", आणि दुसरं, "आमच्या स्टेटमध्ये चालतो". गंमत म्हणजे दोन्ही खरी आहेत. १९५८ चा फेडरल कायदा सामान्य माणसाच्या खिशातल्या चाकूबद्दल जवळजवळ काही बोलतच नाही, तो आडवा येतो ते चाकू धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघाला की, किंवा परदेशातून बंदरात उतरला की, किंवा फेडरल हद्दीत, आदिवासी राखीव भागात वगैरे कोणाकडे सापडला की. बाकी बाळगायचा की नाही ते ज्या त्या राज्याने ठरवायचं. त्यामुळे माणूस आपल्या राज्यात एकदम कायदेशीर मालक असतो आणि तोच चाकू पोस्टात टाकला की गुन्हा होतो.

फार मागे जायची गरज नाही. बटण दाबलं की उघडणारे चाकू १८९० च्या दशकापासून न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यांत बनत होते आणि तेव्हा त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नव्हतं, कामाचा चाकू, एका हाताने उघडतो, संपलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांना असेच चाकू दिले होते, कारण झाडात अडकलेल्या माणसाला एका हाताने दोर कापावे लागतात. युद्ध संपल्यावर सैनिक इटलीतून लांब निमुळत्या पात्याचे चाकू घेऊन घरी आले, मागोमाग तेच चाकू आयात व्हायला लागले, आणि टपालाने मागवले तर स्वस्तात कोणालाही मिळायला लागले.

मग १९५० मध्ये बायकांच्या एका मोठ्या मासिकात पोरांच्या हातातल्या या चाकूंवर एक घाबरवणारा लेख आला आणि पुढची आठ वर्षं अमेरिकेने साप साप म्हणून भुई धोपटली असं मला तरी वाटतं. शहरांतल्या टोळ्यांची पोरं, सिनेमातली टोळ्यांची पोरं, पेपरातले फोटो, सगळ्यांत हाच चाकू. न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बंदी घातली, इतर राज्यं मागोमाग आली, आणि १२ ऑगस्ट १९५८ ला फेडरल कायदा झाला. बिल चर्चेत असताना सरकारच्याच काही खात्यांनी त्याची शिफारस करायचं टाळलं होतं, ही कामं राज्यांनी बघावीत असा एकूण सूर होता, पण त्या वातावरणात कोण ऐकणार. टोळ्यांची पोरं खरोखर एकमेकांना भोसकत होती हे खरंच आहे, ते नाकारायचं नाही, पण किचनमधल्या सुरीनेही तेच झालं असतं आणि तिला बटण नव्हतं.

कायद्यात शिक्षा आहे २,००० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सवलती मोजक्या. सैन्याला, सैन्याच्या कंत्राटदाराला, माल वाहून नेणाऱ्या कंपनीला, आणि एक अशी की जी वाचून माणूस थबकतो, ज्याला एकच हात आहे अशा व्यक्तीला तीन इंचांपर्यंत पात्याचा चाकू अंगावर बाळगता येतो. म्हणजे एका हाताने चाकू उघडायची खरी गरज असू शकते हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं, फक्त शिडीवर चढलेल्या इलेक्ट्रिशियनचा दुसरा हातही अडकलेला असतो हे सुचलं नाही.

बाकीचं जगही त्याच सुमारास जागं झालं. इंग्लंडने १९५९ मध्ये असे चाकू बनवणं, विकणं, भाड्याने देणं, आयात करणं बंद केलं, इतकंच काय उसना देणं आणि भेट देणंसुद्धा, पण घरात असलेला राहू दिला, तो थेट जुलै २०२१ पर्यंत. लॉ केलेल्यांना ब्रिस्टलच्या दुकानाची ती केस आठवतच असेल, काचेत चाकू आणि चार शिलिंगची चिठ्ठी, आणि कोर्ट म्हणालं की काचेत मांडणं म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, मग १९६१ मध्ये कायदा दुरुस्त करायची धावपळ. आपल्याकडचा शस्त्र कायदाही १९५९ चाच, पण त्याच्या १९६२ च्या नियमांनी बटण बघितलंच नाही, फूटपट्टी घेतली, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलं तर शस्त्र, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामाचं असलं तर सूट. बटणदार आणि स्प्रिंगच्या चाकूंचं वेगळं नोटिफिकेशन दिल्लीत १९८० मध्ये निघालं, तिथे ७.६२ सेंटिमीटरची हद्द आहे, आणि नुसता बाळगला की विकायला बाळगला यावरून तिथल्या कोर्टांत अजून भांडणं होतात. आपल्या कायद्याचं एक मात्र सरळ आहे, लायसन्स लागणाऱ्या कामांच्या यादीत बनवणं, विकणं याबरोबर दुरुस्ती हा शब्दच लिहिलेला आहे. अमेरिकन कायद्यात तो नाही, आणि नसल्यामुळेच तिथला दुरुस्तीचा प्रश्न जास्त किचकट झाला. ते पुढे येतंच.

आता मूळ घोळ. १९५८ च्या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिला भाग, मुठीवरचं बटण किंवा तसलं काही हाताने दाबल्यावर पातं आपोआप उघडतं तो चाकू. इथपर्यंत वाद नाही, बटण दिसतं, दाबता येतं. दुसरा भाग, जडत्वाने किंवा गुरुत्वाकर्षणाने किंवा दोन्हींनी आपोआप उघडतो तो. इथे घोडं पेंड खातं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जर्मन पॅराशूट सैनिकांचे चाकू होते, खटका दाबून मूठ खाली केली की पातं आपल्या वजनाने घसरून बाहेर येतं तसले. पण जडत्व हा शब्द एकदा लिहिला गेला की तो त्या एका चाकूपुरता थोडाच राहतो, पिव्हट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो सांधा, जरा सैल असलेला कुठलाही घडीचा चाकू जोरात मनगट झटकून उघडता येतो, आणि मग प्रश्न चाकूचा राहत नाही, झटकणाऱ्याच्या मनगटाचा होतो.

आयात अडवायचं काम कस्टम खात्याकडे होतं आणि त्यांनी व्याख्या हळूहळू रुंद करत नेली. १९६७ मध्ये एका आयातदाराची केस अपील कोर्टात गेली, चाकू आला तेव्हा तो झटक्याने उघडत नव्हता पण थोडी खटपट केली तर उघडायचा, आणि कोर्टाने खात्याची बाजू घेतली. आजच्या कस्टमच्या नियमांत तोच विचार सविस्तर लिहिलेला आहे. साधी हत्यारं वापरून, खास कसब नसलेल्या माणसाने, थोड्या वेळात पात्याची टाच घासली, अडकणारा भाग मोकळा केला, स्प्रिंगची अडवण बदलली आणि चाकू ऑटोमॅटिक झाला, तर तो आधीपासूनच ऑटोमॅटिक धरायचा. न जोडलेलं किटही त्यात धरायचं. इतकंच नाही, नुसती मूठ, पात्याशिवाय, पण पातं आणि स्प्रिंग बसवल्यावर ऑटोमॅटिक होणारी, तीही चाकूच. म्हणजे तुमच्या इटालियन चाकूची मूठ तडकली आणि तुम्ही इटलीतून तशीच रिकामी मूठ मागवली, तर कागदावर तुम्ही स्विचब्लेड आयात केलात. दुरुस्तीवर कुठेही बंदी लिहिलेली नाही आणि तरी सुटा भाग बंदरात अडतो, तो असा.

हे सगळं हौशी लोकांचं आणि आयातदारांचं दुखणं म्हणून चाललं असतं, पण १९९० च्या दशकात असिस्टेड ओपनर आले. हा प्रकार हातात घेऊनच कळतो. ऑटोमॅटिक चाकूत स्प्रिंग कायम पात्याला बाहेर ढकलत असते आणि बटणाचा खटका तिला रोखून धरतो, बोट पडलं की सुटली. असिस्टेडमध्ये बंद असताना पातं उलट आत ओढलं जातं, तुम्ही पात्यावरच्या छोट्या खुंटीला अंगठ्याने रेटता, सुरुवातीला चक्क विरोध जाणवतो, आणि थोडं पुढे गेल्यावर एका बिंदूनंतर स्प्रिंग बाजू बदलते आणि राहिलेलं काम खट्कन स्वतः करते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही, आवाजही तोच. पण बोट कशावर आहे, मुठीवर की पात्यावर, हा फरक आहे, आणि वर्षानुवर्षं कस्टम खातंही आयातदारांना लेखी पत्रं देत होतं की हे चाकू चालतील.

मे २००९ मध्ये त्याच खात्याने तशी चार जुनी पत्रं रद्द करायचा प्रस्ताव काढला आणि हरकतींना ३० दिवस दिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अंगठ्याने सुरुवात केली तरी पुढचं उघडणं स्प्रिंग आणि जडत्वच करतं ना, मग ते आपोआपच झालं. वरवर पाहिलं तर तर्क अगदीच चुकीचा नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मलाही सुचला असता. पण त्याची शेपटी लांब होती. कस्टमची व्याख्या आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराची व्याख्या एकाच कलमातून येते, त्यामुळे बंदरावर जो चाकू स्विचब्लेड ठरला तो अमेरिकेतच बनवलेला असला तरी दुसऱ्या राज्यात विकायला पाठवणं गुन्हा ठरण्याची वाट मोकळी होत होती. शिवाय जडत्वाचा हा अर्थ घेतला तर स्प्रिंग नसलेला पण एका हाताने उघडणारा साधा घडीचा चाकूही त्यात ओढला जातो, आणि अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात, मासेमारीच्या दुकानात, सुपरमार्केटात जे खिशातले चाकू मिळतात त्यातले ढीगभर एका हाताने उघडणारेच असतात. कारखानदार, शिकारी, शेतकरी, बचाव पथकांतले लोक, सगळे एकदम उठले. खात्याचे समर्थक म्हणत होते की नुसती तांत्रिक दुरुस्ती आहे, उगाच बोंब मारू नका, खिशातल्या चाकूला कोण हात लावतोय. त्यांचा हेतू तसा नसेलही. पण कायद्यात हेतू नाही, शब्द राहतो, आणि न्यूयॉर्कमध्ये तसलाच शब्द काय करतो ते तेव्हा दिसतच होतं.

शेवटी भांडण खात्यात मिटलं नाही, संसदेत मिटलं, तेही वेगळ्या बिलाने नाही तर अंतर्गत सुरक्षेच्या खर्चाच्या बिलात एक कलम घुसवून. २८ ऑक्टोबर २००९ ला सही झाली. एकहाती माणसाच्या सवलतीखाली पाचवी सवलत आली, ज्या चाकूत पातं बंद राहण्याकडे ओढणारी स्प्रिंग, डिटेंट (पातं बंद धरून ठेवणारा बारीक गोळा) किंवा दुसरी यंत्रणा आहे आणि ती ओढ मोडायला हाताने, मनगटाने किंवा दंडाने पात्यावर जोर द्यावा लागतो, तो या कायद्यातून बाहेर. लक्षात घ्या, व्याख्या तशीच ठेवली, जडत्व शब्दही तसाच, वर फक्त ठिगळ लावलं. तेव्हापासून फेडरल पातळीवर कायदेशीर आणि बेकायदेशीर यांतला फरक इतकाच उरला की बंद चाकूतली स्प्रिंग कुठल्या दिशेला ढकलते. बंद असताना पकड धरणारा डिटेंटचा बारीक गोळा झिजला, किंवा मालकाने हौसेने घासून गुळगुळीत केला आणि ती ओढच गेली, तर चाकू या सवलतीत राहिला का, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

न्यूयॉर्कची गोष्ट थोडक्यात, खरं तर तिच्यावर वेगळं लिहायला हवं. तिथे राज्याच्या कायद्यात ग्रॅव्हिटी नाइफवर, म्हणजे पातं आपल्या वजनाने घसरून उघडतं तसल्या चाकूवर, बंदी होती आणि व्याख्येत केंद्रापसारी बलही होतं, म्हणून पोलीस साधा घडीचा चाकू हातात घेऊन मनगट झटकायचे, एकदा नाही उघडला तर पुन्हा, आणि लॉक होऊन उघडला की केस. पकडले जायचे ते सुतार, स्टेजवर काम करणारे, स्वयंपाकी, आणि त्यात काळे आणि लॅटिनो लोक जास्त. मोठ्या दुकानांनी हे चाकू उघड विकले होते, त्यांच्याकडून २०१० मध्ये पैसे भरून घेऊन मिटवलं, गिऱ्हाइकाला मात्र रेकॉर्ड. कायदा काढायचं बिल दोनदा पास होऊन दोनदा व्हेटो झालं. मार्च २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने एका अर्जदाराच्या बाबतीत ही झटक्याची कसोटी घटनेला धरून नाही, विकत घेताना माणसाला कळणार कसं, असं म्हटलं, आणि ३० मे २०१९ ला बंदी उठली. नवा घट्ट पिव्हट वापरून सैल होतो हे कुठल्याही चाकूवाल्याला माहीत असतं, म्हणजे दुकानातून कायदेशीर आणलेला चाकू वर्षभरात खिशातच बेकायदेशीर व्हायचा आणि स्क्रू पाव फेरा आवळला की परत कायदेशीर.

दरम्यान २०१० मध्ये न्यू हॅम्पशरने स्वतःची बंदी काढली, २०१३ मध्ये टेक्ससने, मग एकेक करत बरीच राज्यं. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली स्विचब्लेड बंदीच घटनाबाह्य ठरवली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या बंदुकांवरच्या २०२२ च्या निकालाचा धागा पकडून. उलट कॅलिफोर्नियात अजून दोन इंचांची मर्यादा आहे. फेडरल कायदा रद्द करायची बिलं अधूनमधून येतात आणि पडून राहतात.

त्यामुळे सध्याचं चित्र असं की मालकीचा प्रश्न बऱ्याच राज्यांत सुटला, आयातीचा अर्धा सुटला, आणि दुरुस्तीकडे कोणी बघितलंच नाही. टेक्ससमधल्या माणसाच्या ऑटोमॅटिक चाकूची स्प्रिंग तुटली आणि कारखाना ऑरेगॉनमध्ये असला तर सरकारी पोस्टाने तो चाकू पाठवता येत नाही, कारण टपालाच्या कायद्यात असे चाकू न पाठवण्याच्या वस्तूंत आहेत आणि सूट आहे ती मुख्यतः सरकारी खरेदीला. खासगी कुरिअरने पाठवला तर वाहून नेणाऱ्याला सवलत आहे, पाठवणाऱ्याला आहे का आणि दुरुस्तीसाठी जाऊन परत येणं हा व्यापार म्हणायचा का, यावर दोन वकील दोन उत्तरं देतील. परदेशी बनावटीचा असेल तर दुरुस्त होऊन परत येताना तो पुन्हा आयातच. म्हणून बरेच लोक स्प्रिंग गावातल्याच कारागिराकडून बसवून घेतात किंवा स्वतः वाकवतात, आणि हातची बसवलेली स्प्रिंग खिशात आपोआप सुटली तर जखम मालकाच्याच मांडीला होते.