जाळी बारीक कुठे करायची?

नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाचा भार खांबांच्या एकाच ओळीवर आहे. खांबातून पिअर कॅप, म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा पूल पेलणारा रुंद भाग, जिथे बाहेर निघते, तिथला ताण साध्या तुळईच्या सूत्रात बसत नाही. तो काढायचा तर अख्खा आकार संगणकात बारीक तुकड्यांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, विभागावा लागतो. पण सगळीकडे सारखी बारीक जाळी परवडत नाही. त्रिमितीत तुकड्याची लांबी निम्मी केली की तुकडे आठपट होतात.

ताण एका जागी गोळा होतो, हे जुनंच ज्ञान. ओढ दिलेल्या रुंद पत्र्यात लहान गोल भोक असेल तर त्याच्या काठावर तिप्पट ताण येतो, हे कर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं. कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली, १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी ती विमानाच्या रचनेसाठी वापरली. तुकडे पाडून ताण काढायच्या या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. आमच्या नागपुरात प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचं व्हीएनआयटी, उभं राहिलं तेही याच वर्षी.

तेव्हा जाळी माणूसच आखायचा आणि ती कुठे दाट हवी हे त्याची नजर ठरवायची. उत्तर हाती आल्यावर त्यातली चूक त्याच उत्तरावरून मोजता येते, याला १९७८ मध्ये बाबुश्का आणि राइनबोल्ट यांनी गणिताचा पाया दिला. अभियंत्यांना मात्र पटली ती १९८७ ची झिंकिविच-झू यांची युक्ती, आणि ती खरोखर सुंदर आहे. शेजारच्या दोन तुकड्यांतले ताण सीमेवर जुळत नाहीत, तिथे उडी असते. ते सरासरीनं गुळगुळीत करा. मूळ ताण आणि गुळगुळीत ताण यांत जिथे फरक मोठा, तिथे जाळी बारीक करा आणि पुन्हा सोडवा. एक पथ्य मात्र आहे: आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यात गणिती ताण अनंत असतो. तिथे जाळी कितीही चिरली तरी आकडा वाढतच जातो, त्यामुळे त्या एका बिंदूवरचा आकडा वाचून सळया ठरवू नयेत.

आता ही बदलती जाळी विणणार कोण? बिंदू जोडून त्रिकोण पाडायची डेलोने यांची १९३४ ची भूमिती १९८१ मध्ये बोयर आणि वॉटसन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, संगणकाच्या कामाची केली. सपाट आकृतीत ती पद्धत त्रिकोणांचे कोन शक्य तितके मोकळे ठेवते. त्रिमितीत ही हमी सुटते. चार बिंदू जवळजवळ एकाच वर्तुळावर आले की पापडासारखा चपटा चतुष्फलक तयार होतो: कडा ठीकठाक, घनफळ जवळपास शून्य. असे तुकडे हिशेब बिघडवतात, आणि ते वेचून काढण्यात संशोधकांची वर्षं गेली. येरी आणि शेफर्ड यांनी १९८४ मध्ये वेगळी वाट धरली: घनाचे आठ घन, गरज पडेल तिथे पुन्हा आठ.

चूक मोजायची युक्ती येऊन चार वर्षं झाली होती, तरी २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्लाइपनर तेल-प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला. भिंतींच्या सांध्यात जाळी जाड आणि वेडीवाकडी होती, त्यामुळे तिथला कातरताण, म्हणजे भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, ४७ टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. नंतर बारकाईनं केलेल्या हिशेबात भिंत पाण्यात ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती फुटली होती ६५ मीटरवर.