पाऊस पडला म्हणजे दुष्काळ संपला?

गोव्यात मृग बरसला की मराठवाड्यासाठी धान्य गोळा करणारे आपण अनेकजण हात आखडता घेतो. ‘पाऊस लागला, आता दुष्काळ संपला’ हा जुना समज चुकीचा आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. तिकडे सरासरी ७००च्या आसपास, तोही खंड घेत. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन हाती येतं ऑक्टोबरात, तूर त्याहून उशिरा. मधले महिनेच सगळ्यांत कठीण: घरातलं धान्य सरलेलं, होते-नव्हते ते पैसे बी-बियाण्यात गेलेले, आणि सर्वांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवते ती घरची बाई. गरोदर, बाळंत बायकांची आणि लहान मुलांची आबाळ तेव्हाच होते. म्हणून डाळ, शेंगदाणे, गूळ जुलै-ऑगस्टमध्येही पाठवत राहा. काय हवं ते मात्र आधी तिथल्या महिला बचत गटाला विचारा.