पंतप्रतिनिधी, भवानराव श्रीनिवासराव

(२४ ऑक्टोबर १८६८–१३ एप्रिल १९५१). औंध संस्थानचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि कलांचे आश्रयदाते. प्रजेत ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी या नावाने ओळखले जात. मुंबई विद्यापीठाचे ते पदवीधर होते. १९०९ मध्ये त्यांच्याकडे गादी आली.

औंध हे लहान संस्थान. त्याचा मुलूखही सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे तुकडे दूरदूर विखुरलेले, आणि त्यांतला बराचसा भाग दुष्काळी. बडोद्यासारख्या संपन्न संस्थानाच्या दातृत्वाशी औंधची तुलना होऊ शकत नाही. म्हणूनच या राजाने काय दिले, यापेक्षा कसे दिले हे पाहणे महत्त्वाचे ठरते. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळ माळरान दिले आणि भांडवलासाठी कर्जही दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओगले बंधूंचा काचकारखानाही याच संस्थानात वाढला. वेदांचे अभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला स्थायिक झाले आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाचे ग्रंथ तेथूनच निघू लागले. माणूस पारखायचा, त्याला जागा द्यायची आणि काम करू द्यायचे, ही बाळासाहेबांची रीत होती.

गरीब विद्यार्थ्यांसाठी औंध हा मोठा आधार होता. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर यांच्या शिक्षणातही औंधच्या शाळेचा वाटा आहे. शाळांमधून सूर्यनमस्कारांचा परिपाठ सुरू झाला तोही बाळासाहेबांच्या आग्रहाने. ते स्वतः रोज नमस्कार घालत.

चित्रकलेत ते केवळ रसिक नव्हते. रामायणातील प्रसंगांची चित्रमाला त्यांनी स्वतः रंगवली आणि पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ते चित्रकारांना घेऊन गेले व त्या लेण्यांवर ग्रंथही लिहिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. औंधसारख्या संस्थानाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती आणि त्या प्रचंड कार्याला त्यामुळे बळ मिळाले. १९३५ मध्ये इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

त्यांच्या संग्राहकवृत्तीचे सर्वांत ठळक फळ म्हणजे औंधचे श्रीभवानी चित्रपदार्थसंग्रहालय (१९३८). यमाईच्या डोंगराच्या उतारावर ते उभे आहे. राजा रविवर्मा यांची चित्रे, लघुचित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम आणि पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती तेथे एकत्र पाहायला मिळतात. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक हे पाषाणशिल्पही या संग्रहात आहे. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, रविवर्म्यांच्या शेजारी, आधुनिक युरोपीय शिल्प आणून ठेवणाऱ्या नजरेचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे सत्ता. चिरंजीव आप्पासाहेब पंत व पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये औंधला प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना लागू झाली. गावपंचायत हा तिचा पाया होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहतही त्याच वर्षी सुरू झाली. तेथे शिक्षा भोगणारे लोक शेती करून कुटुंबासह राहत. स्वतः राजानेच अधिकार कमी करून घ्यावेत, याची तत्कालीन संस्थानांत क्वचितच उदाहरणे सापडतात.

१९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. बाळासाहेबांचा संग्रह मात्र औंधमध्येच राहिला. यमाईच्या दर्शनाला येणारी माणसे आजही डोंगर चढता-उतरता तो पाहून जातात.