मोल तेवढेच, मिलिलिटर वेगळे

दहावीपर्यंत मराठीतून शिकून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) विज्ञान घेतलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या वह्यांत २२.४ हा आकडा हमखास सापडतो. धातू-आम्लाचं गणित आलं की मोल (पदार्थातल्या कणांची संख्या मोजायचं एकक) काढायचे आणि २२.४ ने गुणायचं. पण वायूचे मोल वेगळे, वायूचं आकारमान वेगळं. एका मोलला २२.४ लिटर, हा आकडा त्या दोघांना जोडतो तो फक्त शून्य अंश सेल्सिअस आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला.

मॅग्नेशियमची ०.२४ ग्रॅम फीत घ्या, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर. एका मोल मॅग्नेशियममागे एक मोल हायड्रोजन निघतो, म्हणजे इथे ०.०१ मोल. हे उत्तर तराजू आणि संतुलित समीकरण यांचं. प्रयोग कारवारला करा की बेळगावात, ते हलत नाही.

आकारमान हलतं. एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाब, म्हणजे वरचे शून्य अंश आणि एक अ‍ॅटमॉस्फिअर) २२४ मिलिलिटर, कारवारच्या किनाऱ्यावर २७ अंशांना सुमारे २४६. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे इथला दाब ७६० (म्हणजे एक अ‍ॅटमॉस्फिअर) नव्हे, ६९५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तोच हायड्रोजन इथे २६९ मिलिलिटर जागा घेतो. पाण्यावर गोळा केला तर त्यात वाफही मिसळते. २७ अंशांना तिचा दाब सुमारे २७ मिलिमीटर. तो वजा केला की कोरड्या हायड्रोजनच्या वाट्याला ६६८ उरतात आणि मोजनळीत २८० मिलिलिटर दिसतात. (वाचन घेण्याआधी नळीतली आणि बाहेरची पाण्याची पातळी सारखी करावीच.) २२४ ची वाट बघणाऱ्या मुलाला वाटतं, आपलं काहीतरी बिघडलं. त्याचं काही बिघडलेलं नसतं, आणि हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

दाबासाठी मोबाइलवरचा हवामानाचा आकडा उचलू नका. तो बहुधा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. प्रयोगशाळेतला वायुदाबमापक बघा.

मोलच्या बाजूची चूक निराळी, तिला उंचीशी देणंघेणं नाही. ०.२७ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम म्हणजेही ०.०१ मोल, पण दोन मोल अ‍ॅल्युमिनियममागे तीन मोल हायड्रोजन निघतो. म्हणून इथे ०.०१५ मोल. झिंक मात्र मॅग्नेशियमसारखंच, एकास एक.

काही पुस्तकांत २२.७ दिसेल. १९८२ पासून आययूपॅकचा (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाण दाब एक बार आहे, त्याचा तो आकडा. प्रश्नात एसटीपी म्हटलं असेल तर तुमच्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या धरा. तापमान आणि दाब दिले असतील तर २२.४ ला हात न लावता आदर्श वायू समीकरणात (PV = nRT) तेच आकडे घाला, तापमान केल्व्हिनमध्ये.