खुलासा : दक्षिण मेक्सिकोत स्वेटर लागत नाही?

‘दक्षिण मेक्सिको उष्ण कटिबंधात, टी-शर्ट भरा, स्वेटर घरीच ठेवा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नकाशा पाहिला की पटतोही. दक्षिणेकडच्या चियापास राज्यातलं सान क्रिस्तोबाल दे लास कासास जवळजवळ कोल्हापूरच्याच अक्षांशावर आहे. पण गाव वसलंय २,१०० मीटरच्याही वर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बरंच उंच. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. राज्याची राजधानी तुश्तला गुतिएरेस जेमतेम ५०० मीटरवर; तिथून बस तासा-दीड तासात वर पोचते. खाली घामाघूम झालेला माणूस वर उतरताच कुडकुडतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पाचाच्या आसपास येतो आणि स्वस्त लॉजमध्ये हीटर सहसा नसतो.

खरी फजिती मात्र बसमध्येच. रात्रीच्या पहिल्या वर्गाच्या बसचा एसी गारठवतो, आणि मोठी सॅक तर खालच्या डिकीत. तिला नंबराची चिठ्ठी लावून दुसरा तुकडा तुमच्या हातात देतात (तो जपा, उतरल्यावर दाखवावा लागतो). म्हणून फ्लीस (हलकं, लोकरीसारखं उबदार जॅकेट), मोजे, कानटोपी हातातल्या पिशवीतच हवी. कोलेक्तिवो म्हणजे वडाप व्हॅन. तिच्यात सॅक बऱ्याचदा टपावर चढते. मे ते ऑक्टोबर पाऊस, तेव्हा कपडे सॅकच्या आत प्लास्टिकमध्ये बांधा. नुसतं रेनकव्हर वाऱ्यानं उडतं.

जाड जॅकेटही नकोच. चियापासमधल्याच सखल पालेंकेच्या दमट जंगलात ते ओझंच, आणि तिथे जीन्ससुद्धा लवकर वाळत नाही. एक फ्लीस, वर विंडचीटर, बस्स.